लोखंड काढायची गोळी

– न्हाय न्हाय आप्पा, मूठभर कुटं मागतोय, एकच द्या की. तुमच्या नातीची हाय, ठावं हाय मला – संस्कृतीला महिन्याला रक्त चढवत्यात, त्यानं अंगात लोखंड साठतंय आन् ही गोळी ते बाहेर काढती – तुमीच मगाशी सांगितलं न्हवं? तेच पायजे मला. कुनासाठी म्हंजे? बायकोसाठी, पूनमसाठी. त्या वॉर्डाच्या दारामागं हाय, तिसरी खाट. तापाचा आज आठवा दिवस, गुंगीतच हाय.

आमी मंद्रूपकडचं, मेंढरं राखतो. बाळंत होऊन चार महिने झालं, आशाताईंनी रक्तवाढीच्या लाल गोळ्या दिलत्या. ताप आला तसं तोंड पांढरंफटक पडलं तिचं – मला वाटलं, रक्तच सरलं. दिवसाला एक गोळी सांगितलेली, मी तीन घातल्या. वर इळा लालबुंद तापवून पान्यात इझवायचा आन् ते पानी पाजायचं – आमच्यात करत्यात तसं, अशक्तपनावर. ती म्हनायची, "अवो, तोंडाला लोखंडाचा वास येतोय, पुरे की." मी म्हनायचो, "तुझ्यापरास मेंढरू बरं, गुमान पितं तरी." हसली बी तवा.

आन् आज डॉक्टर मॅडम काय म्हनल्या? तापाच्या जंतूला वाढायला लोखंड लागतंय. तापात अंग आपनच लोखंड लपवून ठेवतं – घरात चोर शिरला की बाई सोन्याचं डाग लपवती तसं – आन् मी वरनं आनून वाटी-वाटीनं चोराला देत हुतो, आप्पा! मी म्हनलं, मग काढा की ते. तर म्हनल्या, लोखंड काढायचं औषध असल्या तापात देत न्हाईत, त्याचा अजून अभ्यास चाललाय, उलट बी पडंल. आधी जंतू कुठला ते कळू दे. मग इचारलं – गोचीड चावलीती का?

मी न्हाय म्हनलो.

चावलीती. आसं बघू नका. मेंढराची गोचीड, मीच नखानं उपटली, ताप यायच्या हप्ताभर आधी. कुटं म्हंजे – आता तुमाला कसं सांगू – मांडीला, वर, लई वर. मॅडम माझ्याच वयाच्या, बाजूला दोन पोरी वह्या घिऊन हुभ्या – न्हाय म्हनून मोकळा झालो. सातवीतनं शाळा सोडली मी, बायामानसांपुढं बोलायची सवयच न्हाय. म्हनून म्हनलं, ही गोळी गुपचूप पान्यातनं –

व्हय. व्हय, ते बी म्हनल्या. गोचिडीचा ताप आसंल तर औषध येगळं, लगीच चालू करायचं, तपासणीची वाट बी बघत बसायचं न्हाय.

सकाळी इचारलं. आता – चार वाजलं.

अवो, किती वेळ बसलोय मी हितं तुमच्यासंगं?

सरका जरा आप्पा. न्हाय, तुमी नका येऊ, तुमच्या म्होरं तर मुळीच जमायचं न्हाय. बसा हितंच. – ओ मॅडम!