आधी खुर्चीत बसा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे संचालक, माननीय साहेब. प्रमुख पाहुण्या म्हणून लाभलेल्या, एवढ्या मोठ्या रुग्णालयाचा कारभार सांभाळणाऱ्या आदरणीय डॉक्टरीणबाई. व्यासपीठावरील इतर मान्यवर. माझे सहकारी, ज्यांतले निम्मे तरी कधी ना कधी माझ्यावर चिडलेले आहेत. माझे यजमान आणि थोरल्या जाऊबाई. आणि अगदी मागे, दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या सिस्टरबाई, ज्यांना मी मुद्दाम बोलावून घेतलं आहे. सर्वांना नमस्कार.

आत्तापर्यंत माझ्याबद्दल जे काही बोललं गेलं, ते ऐकून मी खरंच निवृत्त होतेय की गेलेच, अशी मला शंका आली होती. एवढं चांगलं सहसा माणूस गेल्यावर बोलतात. तुम्ही भेट दिलेलं हे भिंतीवरचं घड्याळही सुंदर आहे. फक्त वेळ लावायची कळ पाठीमागे आहे, त्यामुळे दर वेळी स्टुलावर चढून ते उतरवावं लागेल. रागावू नका, खोड आहे माझी. आमचे हे म्हणतात की हिच्याबरोबर कुठल्या हॉटेलात उतरायची सोय नाही, ही आधी नळाकडे बघत उभी राहते.

पण ही खोड मी पोटापाण्याचा धंदा केली. मी शिकत होते तेव्हा माणूस आणि संगणक यांचं एकमेकांशी कसं जमतं, हा अभ्यासाचा विषय असतो हेच कुणाच्या गावी नव्हतं. इंजिनिअरिंगवाले म्हणायचे, मानसशास्त्रात जा. मानसशास्त्रवाले म्हणायचे, बाई, तुम्ही वाट चुकलात, यंत्रं पलीकडच्या इमारतीत. नोकरी लागली तेव्हा आईने विचारलं, तू तिथे नेमकं करतेस काय? म्हटलं, लोक यंत्र वापरतात ते बघत बसते. आई म्हणाली, बघत बसायचे पैसे मिळतात? मग आमचा जन्म फुकटच गेला म्हणायचा.

हीच माझी आई बँकेच्या यंत्रासमोर उभी राहिली की दोन मिनिटांत घामाघूम व्हायची आणि म्हणायची, "मला मेलीला काही कळत नाही." घरातला हिशेब तोंडपाठ ठेवणारी बाई. ज्याने तो पडदा बनवला त्याला मेला म्हणायचं सोडून ती स्वतःला मेली म्हणायची. मला तेव्हा जो राग आला ना, त्या रागावर मी आजवर नोकरी केली. अभ्यास-बिभ्यास नंतरचा.

नव्या मुलांसाठी थोडं सांगते. आमची काचेची खोली तुम्ही पाहिली असेल. आत एक टेबल, एक खुर्ची, आणि ज्याची चाचणी करायची ते यंत्र. खुर्चीत आम्ही बाहेरचा माणूस बसवतो. कधी शिक्षक, कधी टॅक्सीवाला, कधी नर्स. काचेच्या पलीकडे अंधारात ते यंत्र बनवणारे बसतात. त्यांना आतलं दिसतं, आतल्याला ते दिसत नाहीत. आणि आत, खुर्चीच्या शेजारी बसते मी, दोन्ही हात मांडीखाली दाबून. कारण हात मोकळे असले की बोट आपसूक बटणाकडे जातं. या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक कुठली, सांगू? दया. समोरचा अडकला म्हणून आपण नुसती मान डोलावली, तरी चाचणी वाया गेली. आणि खुर्चीत बसणाऱ्याला सुरुवातीलाच एक वाक्य सांगायचं. परीक्षा तुमची नाही, यंत्राची आहे.

आता खुर्चीचा नियम. फार जुनी गोष्ट. आत एक वयस्कर टायपिस्टबाई अडकल्या होत्या, आणि काचेपलीकडून एक तरुण, हुशार, अंमळ उद्धट इंजिनिअर म्हणाला, "यात आमचा काय दोष? वापरणाऱ्याची चूक आहे." मी बाहेर आले, त्याचा दंड धरला आणि त्याला त्याच खुर्चीत बसवलं. स्वतः बनवलेलं यंत्र, पण काम बाईंचं दिलं. पठ्ठ्या बरोब्बर त्याच जागी अडकला. कान लाल झाले होते. पण माणूस अस्सल. दुसऱ्या दिवशी त्यानेच दारावर कागद चिकटवला. 'वापरणाऱ्याची चूक म्हणणाऱ्याने आधी खुर्चीत बसावे.' त्यानंतर कितीतरी वर्षं या कंपनीतून कुणाला त्या खुर्चीत न बसवता एकही यंत्र बाहेर गेलं नाही. तो इंजिनिअर कोण, ते मी सांगत नाही. ते आज आपले अध्यक्ष आहेत.

हसताय ना साहेब? हसा. मला तुमचा तेव्हाही अभिमान वाटला होता. म्हणूनच आज हे बोलायची हिंमत करते आहे.

दोन महिन्यांपूर्वी काचेच्या खोलीला कुलूप लागलं. तिथे आता बैठकांची खोली होणार. चाचणी यापुढे संगणकातच तयार केलेल्या माणसांवर होणार, असं आम्हाला सांगितलं. ती माणसं स्वस्त पडतात, रजा घेत नाहीत. खरं आहे. ती घाबरतही नाहीत, त्यांच्या पाठीमागे कुणी नातेवाईक रडत उभा नसतो. आमच्या विभागातल्या धाकटीने मला परवा विचारलं, ताई, या क्षेत्रात पुढे काही भवितव्य आहे का, की मी सरळ विक्री विभागात जाऊ? उत्तर देते. जरा दम धर, बाळ.

त्या खोलीतून न गेलेलं आपलं पहिलं यंत्र म्हणजे सलाइनमधून औषध मोजून सोडणारा नवा पंप. डॉक्टरीणबाईंच्या रुग्णालयात तो वापरून बघायला दिला. तिथे एका रुग्णाला औषध हवं त्याच्या दुपटीहून जास्त वेगाने गेलं. रुग्ण वाचला, हे सगळ्यांचं नशीब. ड्यूटीवरच्या सिस्टरबाईंना घरी बसवलं आहे. सोमवारी डॉक्टरीणबाईंपुढे त्यांची चौकशी आहे, आणि तिथे आपल्या कंपनीचा अहवाल जाणार आहे. अहवालाचा मसुदा मी वाचला. लांबलचक आहे, पण सार तीन शब्दांचं. वापरणाऱ्याची चूक आहे. साहेबांची सही व्हायची आहे.

मी बैठकीत विरोध केला. मला फार प्रेमाने सांगण्यात आलं, ताई, शुक्रवारी तुमचा निरोप समारंभ आहे, गोडीगुलाबीने होऊ द्या. म्हणजे पुष्पगुच्छ घ्या आणि गप्प बसा. मी पुष्पगुच्छ घेतला आहे.

धाकटे, आण ग ते. हो, खुर्चीही. हा तो पंप, मंडळी. वर पिशवी, तिच्यात साधं पाणी. खाली बादली. वॉर्डात होती तशीच पिशवी संपत आलेली आहे, आणि संपत आली की हा पंप थोड्याथोड्या वेळाने ओरडतो. हा ऐका. यात माझी काही करामत नाही, तो असाच बनवलेला आहे. पुष्पगुच्छ जरा खाली ठेवते.

साहेब, तीन शब्द तुम्ही लिहिणार आहात. दारावरचा कागद तुमचाच. या, बसा.

डॉक्टरीणबाई, तुम्ही जवळ या, तुम्हाला दिसलं पाहिजे. साहेब, काम एकच. औषध दहाच्या वेगाने चाललंय, रुग्णाला ते सोसत नाहीये. वेग चारवर आणा आणि पंप सुरू ठेवा. मी हातावर बसते. सभागृहाने कृपया मदत करू नये.

हं. आकडा टाकलात, चार. ओरडला का? ओरडणारच. आवाज बंद केलात. बरोबर, कुणीही करेल, शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकतो ना. आणि 'सुरू' दाबलंत.

झालं म्हणताय? नक्की? किती वेगाने चाललंय? चार. बरं. आता वरच्या कोपऱ्यात बारीक आकडा आहे, तो वाचता का? माईकमध्ये वाचा, मागे ऐकू गेलं पाहिजे.

दहा.

नाही, परत करून बघायचं नाही साहेब. सिस्टरबाईंना कुणी परत करू दिलं होतं? काय झालं ते सभागृहाला सांगते. चारचा आकडा पक्का करण्याआधी पंप ओरडला. तुम्ही आवाज बंद केलात, आणि आवाजाबरोबर पंपाने तुमचा चारही पुसून टाकला. न सांगता, न सवरता. मग 'सुरू' दाबल्यावर त्याने जुना दहाच चालू केला. हे आपण बनवलंय. आणि एका बाईला सांगतोय, तुझं लक्ष नव्हतं. त्यांना घरी बसवल्यावर मी भेटायला गेले तेव्हा त्या काय म्हणाल्या, माहीत आहे? म्हणाल्या, माझंच काहीतरी चुकलं असेल, मलाच कळलं नसेल. अगदी माझ्या आईसारखं. मला तिथेच रडू आलं. आणि मग भयंकर संताप आला, जो अजून गेलेला नाही.

साहेब, त्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला सांगत आले तेच तुम्हालाही सांगते. तुमचं काही चुकलं नाही. परीक्षा यंत्राची होती. ते नापास झालं.

हे वाक्य तुम्हाला आत्ता किती बरं वाटलं असेल, मला ठाऊक आहे. ज्यांना ते सगळ्यात आधी मिळायला हवं होतं, त्या तिकडे दाराजवळ बसल्या आहेत.

धाकटे, आता तुझं उत्तर. भवितव्य आहे का? जोपर्यंत यंत्र बनवणारा काचेच्या या बाजूला आणि वापरणारी त्या बाजूला आहे, तोपर्यंत आहे. खोलीला कुलूप घातलं तर घालू देत. आत्ता बघितलंस ना, एक खुर्ची पुरते. पगार देणारे मिळतील की नाही ते मला माहीत नाही, खोटं कशाला बोलू? पण विक्री विभागात जाऊ नकोस. सोमवारी मीही चौकशीला येणार आहे, कंपनीची म्हणून नाही, माझी मी म्हणून. चालत असेल तर तूही ये, पंप उचलायला दोघी लागतील.

आता आभार. आयोजकांचे, घड्याळ निवडणाऱ्यांचे, जाऊबाईंचे, ज्या एवढ्या लांबून आल्या आणि आता यजमानांकडे बघून डोळे मोठे करताहेत. सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. भाषण लांबलं, पोटात घाला. अध्यक्षांना भर सभेत उठवून बसवलं, तेही घाला. पंपाबद्दल जे बोलले त्याची मात्र माफी मी मागत नाही, आज नाही आणि सोमवारीही नाही.

साहेब, कुठे निघालात? माईक इथे आहे. तिकडे, मागे? बरं, बरं. वाट द्या हो त्यांना जरा.

सिस्टरबाई, तुम्ही उठू नका. बसूनच राहा, त्यांना येऊ दे तुमच्यापर्यंत.