शेळी, एक, जिवंत

भगीरथ : भेकर हाय ते.

प्रज्वल : काका, भेकराच्या गळ्यात घंटा नसते.

भगीरथ : जंगल हाय, काय पन घडतं. तू लिव भेकर.

प्रज्वल : घंटेला दोरी आहे. आणि दोरीच्या या टोकाला तुम्ही आहात.

भगीरथ : मी कशावरनं? तोंड तर पुसलेलं दिसतंय.

प्रज्वल : फोटोत माणूस आला की चेहरा पुसायचा, असा आमच्या प्रकल्पाचा नियम आहे. पाठीबद्दल नियम नाही. कॅमेरा लागोपाठ तीन फोटो काढतो. तिसऱ्यात तुमची पाठ आहे. पाठीवर 'भगीरथ' छापलंय, खाली 'टीम मॅनेजर'.

भगीरथ : त्या क्रिकेटवाल्या पोरांना तेवाच बोल्लो होतो, नाव नको म्हनून. पन टीशर्ट कुनी पन घालतो रे. दोरीवर वाळत होता, वाऱ्यानं उडाला असंल.

प्रज्वल : उडून शेळी घेऊन डोंगर चढला?

भगीरथ : हा लॅपटॉप आल्यापासनं तुजी जीभ लय लांब झालीय. शेजारच्या घरातला पोरगा तू, आनि माझीच चौकशी?

प्रज्वल : माझं काम एवढंच आहे काका. जंगलातल्या कॅमेऱ्यांचे फोटो येतात, मी प्रत्येकाची माहिती भरतो. कुठला कॅमेरा, कधीचा फोटो, प्राणी कोण, किती, काय करतोय. याला मेटाडेटा म्हणतात. मग सगळं ऑनलाइन चढतं आणि अभ्यास करणारे जगभरातून उघडून बघतात.

भगीरथ : जग बघू दे. आपल्या पाड्यात कोन बघतं?

प्रज्वल : ज्याच्याकडे मोबाइल तो. आता मी विचारू? गुरुवारी पहाटे तुमची शेळी वाघाने नेली. तुम्हीच सांगितलंत. पंचनामा झाला, तुम्ही रडलात, मी तुम्हाला पाणी आणून दिलं. आणि त्याच गुरुवारी सकाळी दहाला इथे शेळी चालतेय. मी काय भरू? प्राणी, शेळी. संख्या, एक. स्थिती, जिवंत?

भगीरथ : जिवंत कशाला लिवायचं? 'ठीक' लिव.

प्रज्वल : भरपाईसाठी केलंत का हे?

भगीरथ : देवाशप्पत नाय! भरपाईचं डोस्कं तुज्या काकीचं, हौसाचं. मी नुसता बोल्लो, वाघानं नेली. मला वाटलं, दोन दिस वाघाला शिव्या घालंल नि इसरंल. ती अर्ज घेऊन थेट शहापूरला गेली!

प्रज्वल : मग शेळी आहे कुठे?

भगीरथ : तू आधी लिव, मंग सांगतो.

प्रज्वल : आधी सांगा.

भगीरथ : तू तिचा मानूस हायस का माझा?

प्रज्वल : मी पगारी माणूस आहे.

भगीरथ : बरं, ऱ्हाऊ दे. एक डोस्क्यात आलंय. शेळीला शेळीच ठेव, तिची काय चूक? मला बदल.

प्रज्वल : तुम्हाला?

भगीरथ : बिबट्या लिव. पुढं शेळी, मागं बिबट्या. आपल्याकडं बिबट्यालाच वाघ म्हनतात, पंचनाम्याला धरून बसतं सगळं.

प्रज्वल : बिबट्या दोन पायांवर चालतोय.

भगीरथ : उठला असंल जरा, वाट बघायला.

प्रज्वल : काखेत छत्री आहे.

भगीरथ : छत्रीचा रकाना हाय का?

प्रज्वल : नाही.

भगीरथ : मंग कशाला काढतोस छत्री?

प्रज्वल : काका, भरलेलं बदललं की सॉफ्टवेअर विचारतं, का बदललं. कारण दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. आणि आधी काय होतं, कोणी बदललं, ते कायम राहतं. म्हणजे 'माणूस' काढून 'बिबट्या' केला, बदल करणारा प्रज्वल, कारण...

भगीरथ : शेजारधर्म.

प्रज्वल : तपासणाऱ्या बाई बंगलोरला बसतात. एका मुंगसावरून त्यांनी मला फोनवर रडवलंय. छत्रीवाला बिबट्या बघितला तर नोकरी जाईल माझी. मी घरी काय सांगू?

भगीरथ : सांग, वाघानं नेली.

प्रज्वल : हे काकींनाच सांगा. येतायत त्या.

भगीरथ : कुठं?

प्रज्वल : इथे. सकाळी फोन होता. म्हणाल्या, आमची शेळी नेणारा वाघ तुझ्या कॅमेऱ्यात आला असेल तर काढून ठेव, अर्जाला जोडायचाय.

भगीरथ : बंद कर! बंद कर ते! पासवर्ड टाक!

हौसा : कसला पासवर्ड?

प्रज्वल : या काकी, बसा.

हौसा : हे इथं कसे? मला बोलले, बांध घालाया चाललो.

भगीरथ : घातला.

हौसा : येवढ्यात?

भगीरथ : लहान बांध हाय.

हौसा : प्रज्वल, वाघ दाखव.

प्रज्वल : वाघ नाही आला काकी.

हौसा : वाटलंच मला. वाघ दोरीची गाठ सोडत नाय बसत. आनि मडक्यातला गूळ नाय नेत.

भगीरथ : वाघाला गोड...

हौसा : तुमी गप ऱ्हावा. सरक रे प्रज्वल. ...हा कुठला डोंगर?

प्रज्वल : सात नंबरचा कॅमेरा. शहापूरची हद्द संपते तिथला. पुढे मुरबाड.

हौसा : त्या वाटेनं धसई लागते. म्हंजी दिपिकाकडं गेली माझी दुभती शेळी.

भगीरथ : पोर आपलीच हाय गो.

हौसा : पोर आपली, घर त्यांचं! माझ्या भावाच्या ताटात नुसता रस्सा वाढला त्या लोकांनी, भर पंगतीत. मटनाची एक फोड नाय. त्या घरात माझी शेळी?

भगीरथ : दोन वर्सं झाली त्या रश्श्याला, तवापास्नं पोरीचं तोंड नाय बघितलंस.

हौसा : अजून पातळच हाय तो! प्रज्वल, जसं हाय तसं लिव. शेळी, चोर, नि चोराचं नाव. बघू दे जगाला.

प्रज्वल : नाव नाही टाकता येत काकी. नुसतं 'माणूस, एक'.

हौसा : मंग कशाला नेली ते लिव. त्याला जागा हाय?

प्रज्वल : शेऱ्यात लिहिता येतं. काय लिहू, काका?

भगीरथ : लिव, दुधासाठी.

हौसा : खोटं! म्हशी हायती त्यांच्या दारात.

भगीरथ : म्हशीचं दूध बाळंतिनीला पचत नाय.

हौसा : कोनच्या बाळंतिनीला?



भगीरथ : मुलगी झाली. नाकाचा शेंडा तुज्यासारखा. दिपिकाच बोल्ली, आयला सांगू नका. आय पुन्ना रस्सा काढंल.

प्रज्वल : काकी, पाणी देऊ?

हौसा : तो अर्ज मागं घ्यायचा तर काय करावं लागतं रे?

प्रज्वल : शहापूरला जाऊन सांगायचं, शेळी सापडली.

हौसा : सांगतील हे. रडतील पन, येतं त्यांना. तू जिवंत लिव.

प्रज्वल : लिहिलं. शेळी, एक, जिवंत. आणि शेरा?

हौसा : शेरा नको. जगाला काय करायचंय आमच्या बाळंतिनीचं? ...चारतात काय तिला?

भगीरथ : दिपिकाला?

हौसा : शेळीला हो!

भगीरथ : पेंढा टाकतात.

हौसा : पेंढ्यावर दूध नाय उतरत तिचं. उंबराचा पाला लागतो. आनि पुढ्यात बसून बोलत ऱ्हावं लागतं तिच्याशी. त्या घरात ते कोनाला येतंय?