झऱ्याचं पाणी

गरम झऱ्याचा विषय निघालाच हाय, तर आमचं ऐका. हिचे गुडघे लई दुखायचे, म्हणून फुलंब्रीहून दोघं खानदेशातल्या झऱ्यावर गेलो. पाणी जिथनं उगवतं तिथंच ही पाय सोडून निवांत बसली. मी सामान ठेवून तिथं पोचेस्तोवर बराच वेळ गेला.

"कोमटच हाय, या की."

मी पाय घातला अन् बोंबललोच. "थट्टा करती व्हय?"

ती हसली. "गडीमाणसाला काही सोसतच नाय."

मी तिचे पाय वर वढले, तर कातडी सुटून आलती. शुगरच्या बीमारीनं तिच्या पायातली जाणीवच मेली व्हती, ते आम्हाला तवा कळलं. मला रडू आवरंना.

ती माझ्याच पायाकडं बघत म्हणली, "लई भाजलं का हो तुम्हाला?"