पायाळूची लाथ

(सगुणाबाई आपल्याकडे पोळ्या करतात. मुलांनो, त्या बोलल्या तसंच उतरवलं आहे. – आजी)

माझं माहेर पाथर्डीकडचं, आन मी पायाळू, म्हंजे जन्मताना आधी पाय बाहेर आले, आईला लई तरास दिला, पन पायाळूच्या पायात गुण असतो, कुनाच्या पाठीत उसण भरली का आमची लाथ लावायची, हळूच बरं का, की उसण गेली. केडगावात नांदायला आले तवापासून सकाळी दारात मानसं वाकून उभी. काय सांगू तुम्हाला, सासूसुद्धा माझ्यापुढं वाकायची, ह्यो मान कंच्या सुनेला?

मग पुणे रोडला त्यो कायरोप्रॅक्टर आला, काचेचं दार, एसी, मणका कटकन वाजवतो. माझी धाकटी जाऊ सुमन, घरातली पायाळू सोडून पयली तीच गेली. आली ती मान ताठ करून, म्हनती, अक्का, मणका सरळ झाला का प्रतिकारशक्ती वाढती, आता मला सर्दी व्हायची न्हाई. मी म्हनलं, व्हय, तोंडबी वाढलंय. पन आतून जळून गेले. सगळी गल्ली तिच्यामागं, माझ्या दारात कुत्रंबी वाकंना.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईला मुद्दाम विचारलं, त्यानं सर्दी अडती का हो? ती म्हनली, एखाद्याच्या पाठीला बरं वाटेल, पण प्रतिकारशक्ती वाढते असं काही सिद्ध झालेलं नाही. मी लई खूश. तर पुढं म्हनती, मावशी, तुमच्या लाथेचंही तसंच. सुमनला मी पयलं तेवढंच सांगितलं.

तिच्या शिंकेची वाट बघत बसले, बाई. परवा सकाळी भिंतीपल्याड तिच्या घरात शिंकली. ऐकल्याबरोबर भाकरी तव्यावर सोडून गल्लीत सांगायला पळाले, आन उंबऱ्यातच माझ्या पाठीत उसण भरली. दार धरून वाकलेली. आपला पाय आपल्या पाठीला पोचतो व्हय? सुमन नाक पुशीत आली, म्हनती, अक्का, रिक्षा बोलवू, माझ्या डॉक्टरकडं जाऊ. मी म्हनलं, मरंन पन जायची न्हाई. तर तिनं पदर खोचला, म्हनती, मग मीच घालते लाथ. अगं, तू कुठं पायाळू? न्हाई अक्का, पन लई दिसापासून मनात हुतं.

घातली. दुसरी बसू नये म्हनून मी वरडले, गेली गं, गेली उसण! समद्यांनी ऐकलं. पाठ अजून ठणकतीय, आन गल्ली म्हनती, सुमनच्या पायातबी गुण हाय. आज सकाळी तिच्या दारात दोघं वाकून उभे. देव तिचं भलं करो, बाई, पन जरा बेतानं करो.