यादीतून निघालेलं नाव

(निमगाव केतकी. मनिषाच्या घराचा ओटा. तिची बारा वर्षांची प्रतिक्षा आत खाटेवर पडून. शकुबाई गावच्या निवृत्त अंगणवाडी सेविका.)

मनिषा : ...आन परार्थनेला हुबी ऱ्हायली ती धाडकन पडलीच. चार दिस पोटात कण न्हाय, असं बारामतीचं डॉक्टर म्हनलं. मी रोज डबा भरून देत हुते, शकुबाई! रिकामा यायचा. रातीला म्हनायची, पोट भरलंय. मैत्रिणींना वाटतीया, ह्ये मला काय ठावं?

शकुबाई : शाळेत कोण काय बोललं का?

मनिषा : गेल्या म्हैन्यात तपासणी झाली की. सगळ्या वर्गाम्होरं काट्यावर हुबी केली. एकोणसत्तर किलो. तवापासनं पोरं उसाची ट्रॉली म्हणत्यात तिला.

शकुबाई : आन तुझा मालक?

मनिषा : त्ये म्हंत्यात, तुझाच हात सैल, चपाती बंद कर. सासूबाई म्हंत्यात, आमच्या घराण्याचा बांधाच आडवा, पोरीला उपाशी मारू नगा. डॉक्टर म्हनलं, खेळू द्या. कुठं खेळवू? पोरगी मोठी दिसाया लागली म्हणून म्यांच भायेर सोडत न्हाय. शाळंलाबी बाप गाडीवर सोडतुया.

शकुबाई : सकाळी खायाला काय देतीस?

मनिषा : तुमी सांगितल्यालं. तूप-साखर घालून शेंगदाण्याचं दोन लाडू, डब्यासंगंच.

शकुबाई : अजूनबी देतीस?

मनिषा : व्हय. एक दिस चुकवला न्हाय.

शकुबाई : अगं, ती दोन वर्सांची असताना सांगितलं हुतं मी!

मनिषा : मग थांब कवा म्हनलात? दर म्हैन्याला तिला झोळीत घालून काटा बघायच्या आन समद्या बायांम्होरं म्हणायच्या, मनिषा, तुझी पोर लाल यादीत, वजन लईच कमी. हापशावर बाया बोलायच्या, आईच खाती जनू सगळं. लई लाज वाटायची मला. त्या भ्यानं दहा वर्सं लाडू वळलं.

शकुबाई : माझ्या अंगणवाडीतलं त्येवढंच लाल नाव उरलं हुतं गं. वरच्या मॅडमचा सारखा फोन. नाव निघालं तवा मी पेढं वाटलं. फुडं तुझ्या दारात यायचं कारणच ऱ्हायलं न्हाय... चुकलं माझं, मनिषा.

मनिषा : त्ये ऱ्हाऊ द्या. तिला जेव म्हना. माझं ऐकत न्हाय ती.

शकुबाई : प्रतिक्षा, ये बाळा भायेर. बस हितं. अर्धी भाकरी खा बघू.

प्रतिक्षा : अर्धीच ना? चालंल?

शकुबाई : चालंल की.

प्रतिक्षा : आन त्यावर भूक लागली तर?

मनिषा : अगं, मग अजून घे.

प्रतिक्षा : आजी सांगती खा, पप्पा सांगतात नको खाऊ. बाई, किती खाल्लं म्हंजे कुणीच काय बोलत न्हाय?

मनिषा : सांगा की, शकुबाई. तुमालाच विचारतीया.