'घेते' म्हटल्यावर

(फ्रीगंज बाजारातलं अलकाकाकूंचं, हाताने छापलेल्या भैरवगढ़ी साड्यांचं दुकान. काकू गादीवर, मुलगा हर्षल काउंटरला, पुतणी ईरा लॅपटॉप घेऊन समोर.)

अलकाकाकू : नाही बेटा, तुझी वेबसाइट बंद कर. इंदूरच्या एका नवरीनं वेबसाइटवरून साडी घेतली आणि तीच हर्षलनं इथे दुसरीला दिली. हाताचा छापा, तशी दुसरी कुठून आणू?

हर्षल : आई, माझ्या स्क्रीनवर 'आहे' दिसत होतं. कसम से.

ईरा : तिलाही 'आहे'च दिसत होतं. खोटं कोणीच बोललं नाही.

अलकाकाकू : मग ते ट्रान्झॅक्शन काय करत होतं? 'आता गडबड होणारच नाही' म्हणाली होतीस.

ईरा : त्यानं त्याचं काम केलं. ट्रान्झॅक्शन म्हणजे विक्रीची सगळी पावलं एकत्र, नाहीतर एकही नाही. बिल बनलं पण साडी स्टॉकमध्येच राहिली, असं अर्धवट काही होऊ दिलं नाही. पण दोन ट्रान्झॅक्शननी एकमेकांत किती अंतर ठेवायचं, ती आयसोलेशन लेव्हल मी कोडमध्ये सांगितलीच नाही. डेटाबेसनं नेहमीची घेतली. त्यात दोघं एकदम 'आहे' बघतात, मग दोघंही 'विकली' लिहितात.

हर्षल : म्हणजे चूक तुझी.

ईरा : माझीच. दुरुस्त करून आलेय. काकू, गिऱ्हाईक 'घेते' म्हणाली की साडीचं तुम्ही काय करता?

अलकाकाकू : मांडीवर घेते. मग बाकीचं बोलणं.

ईरा : आणि हर्षलला तीच हवी असेल तर?

हर्षल : थांबतो. आईच्या मांडीवरून कोण उचलणार?

ईरा : कोड आता तेच करतो. आधी साडीच्या नोंदीला लॉक, मग ती आहे का बघायचं, मग विक्री. दुसरा तोवर थांबतो. पाळी आली की त्याला ताजी नोंद दिसते.

हर्षल : सगळ्यात कडक लेव्हल का नाही लावलीस?

ईरा : त्यात दोघं पुढे जातात आणि शेवटी एकाला परत पाठवतात. कोडला पहिल्यापासून सगळं पुन्हा करावं लागतं. एका साडीसाठी लॉक पुरे.

अलकाकाकू : अन् ती बाई नवऱ्याला विचारत बसली तर? संध्याकाळपर्यंत मांडी अवघडून घेऊ?

ईरा : नुसतं बघताना ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही. 'घेते' दाबल्यावर सुरू, लगेच बंद. मध्ये काही बिघडलं तर रोलबॅक. साडी फळीवर, घडीसुद्धा मोडत नाही.

अलकाकाकू : बोलायला सगळं सीधं असतं.

ईरा : मग फोन घ्या. हर्षल, तूही. ही जांभळी बाटिक. दोघांनी एकदम दाबा. हं, आता.

हर्षल : मला मिळाली.

अलकाकाकू : माझं चक्र फिरतंय... 'माफ करा, ही साडी आत्ताच गेली.' घ्या. माझ्याच दुकानात मला नाही म्हणतोय.

ईरा : पुन्हा करू?

अलकाकाकू : कर. हिरवी घे.

हर्षल : यावेळी मला नाही मिळाली.

अलकाकाकू : हं. आणि इंदूरच्या मुलीला काय सांगायचं?

ईरा : मी सकाळी बोलले तिच्याशी. आधी खूप रागावली. मग तिनंच विचारलं, नव्या साड्या वेबसाइटवर कधी दिसतील.

अलकाकाकू : हर्षल, भैरवगढ़ला छापणाऱ्यांना फोन लाव. माल निघाला की आधी वेबसाइटसाठी फोटो काढायचे, मग गादीवर आणायचा.