ह्येरिनची बुलगोगी

खाटकाच्या रांगेत ओकबुनबाईंच्या पुढे एक सासू-सून उभ्या होत्या. दुसऱ्याचं ऐकू नये खरं, पण कान काय घरी ठेवून यायचे?

"बुलगोगीच्या मसाल्यात नाशपाती किसून घालतात, ह्येरिन. किवी कुठून आणलंस?"

"नाशपाती संपली होती, आई."

"आणि रात्रभर मुरवलंस? किवीत मांस थोडा वेळच ठेवायचं असतं. पार लगदा केलास."

"पण बाबांनी वाडगं पुसून खाल्लं."

"तेच मला कळत नाही. दवाखान्यातून आल्यापासून माझ्या हातचा घास ह्यांच्या घशाखाली उतरत नाही."

"आज पुन्हा तेच मागितलंय त्यांनी."

"म्हणून तर आले. आज मी करते, नीट, नाशपाती घालून."

"नीट केलेलं गिळवेल त्यांना?"

खाटीक सुरी पुसत थांबला.

"किवी किती घातलं होतंस गं?"

"आठवत नाही. अंदाजानं घातलं."

"मग मी काय करू?"

"नाशपाती सोलू नका, एवढंच."

"बरं. पातळ काप रे बाबा, गोमांस. आणि ह्येरिन, मी बाजूला उभी राहते. तू कालच्यासारखंच बिघडव."

ओकबुनबाईंचा नंबर आला, तेव्हा काय घ्यायला आले तेच त्यांना आठवेना.